वेत्सुवेतेन वायुवाहिनीविरोध

वेत्सुवेतेन हे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील एक आदिवासी राष्ट्र आहे. डॉसन क्रीकजवळून पॅसिफिक किनाऱ्यावरील किटिमॅटपर्यंत नैसर्गिक वायू नेणारी, सुमारे ६७० किलोमीटर लांबीची कोस्टल गॅसलिंक वाहिनी त्याच्या परंपरागत भूमीतून जाते. या वाहिनीला राष्ट्राच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी केलेला विरोध २०१९ नंतर देशभर गाजला. भूमीच्या वतीने संमती देण्याचा अधिकार कोणाचा, हा या वादाचा गाभा होय.

दोन सत्ताकेंद्रे

वेत्सुवेतेन समाजात पाच कुळे व तेरा घराणी आहेत. कूळ आईकडून ठरते. प्रमुखपदाची नावे समारंभपूर्वक, सर्वांच्या साक्षीने दिली जातात आणि त्या नावांबरोबर विशिष्ट भूप्रदेशाची जबाबदारी येते. याउलट निवडून आलेली ग्रामपरिषद ही १८७६ च्या इंडियन कायद्याची निर्मिती असून तिचा कारभार मुख्यतः राखीव वस्त्यांपुरता चालतो. कंपनीने वाहिनीच्या मार्गावरील वीस आदिवासी परिषदांशी करार केले. त्यांत वेत्सुवेतेन परिषदाही होत्या. रोजगार व उत्पन्न ही त्यांची कारणे होती आणि ती क्षुल्लक म्हणता येणार नाहीत. मात्र वाहिनी वस्त्यांबाहेरील ज्या विस्तीर्ण प्रदेशातून जाते, तेथे आपलीच संमती हवी, असे प्रमुखांचे म्हणणे होते.

डेल्गमूक निकाल

वेत्सुवेतेन लोकांनी आपली भूमी कोणत्याही तहाने दिलेली नाही. त्यांनी शेजारच्या गिट्क्सान लोकांसह भूमीच्या हक्कासाठी दावा लावला. गीते व पिढीजात कथा हाच त्यांचा दस्तऐवज होता. १९९१ मध्ये प्रांतिक न्यायालयाने दावा फेटाळला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९७ रोजी तो निकाल रद्द केला, मौखिक इतिहास पुरावा म्हणून विचारात घेतलाच पाहिजे असे सांगितले व आदिवासींच्या भूमिहक्काचे स्वरूप स्पष्ट केले. परंतु हक्क मान्य झाल्याची घोषणा न करता फेरसुनावणी सुचवली. ती कधीच झाली नाही. पुढील संघर्षाचे मूळ या अपुरेपणात आहे.

संघर्ष

मॉरिस नदीकाठी (स्थानिक नाव वेडझिन क्वा) उनिस्तोतेन गटाने २०१० पासून वस्ती उभारली होती. कंपनीने मनाई हुकूम मिळवला आणि ७ जानेवारी २०१९ रोजी पोलिसांनी गिदिमतेन नाक्यावर चौदा जणांना अटक केली. वर्षअखेरीस प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने (नाव असे असले तरी त्याच्यावर आणखी दोन न्यायालये आहेत) मनाई वाढवली. तह, कायदा वा न्यायालयीन घोषणेशिवाय आदिवासी प्रथा कॅनडाच्या कायद्याचा परिणामकारक भाग होत नाही, असे त्यात म्हटले होते.

फेब्रुवारी २०२० मधील अटकसत्रानंतर ओंटारिओत मोहॉक लोकांनी रेल्वेमार्ग रोखला. पूर्व कॅनडातील रेल्वेवाहतूक काही आठवडे विस्कळीत झाली. मे २०२० मध्ये प्रमुख व दोन्ही सरकारांत भूमिहक्काविषयी सामंजस्य करार झाला. त्यात वाहिनीचा प्रश्न नव्हता. काम चालूच राहिले, २०२२ मध्ये नदीखालून खोदकाम सुरू झाले आणि जून २०२५ च्या अखेरीस किटिमॅटहून द्रवरूप वायूचे पहिले जहाज निघाले.