‘केल्याशिवाय चालायचे नाही’: जपानीतील आणि आपले

महालातील आमच्या घरी नात सध्या जपानी शिकते आहे. नोकरीसाठी तिला तिकडे जायचे आहे. एका सायंकाळी ती वैतागून म्हणाली, “आजोबा, ‘मला गेले पाहिजे’ एवढे सांगायला जपानीत केवढे हे लांब वाक्य!”

वाक्य होते ‘इकानाकेरेबा नारानाइ’. ‘इकानाकेरेबा’ म्हणजे ‘न गेल्यास’ आणि ‘नारानाइ’ म्हणजे ‘होत नाही’. त्याऐवजी ‘इकेनाइ’ही वापरतात, त्याचा भाव ‘चालत नाही’. दोन नकारांतून एक कर्तव्य! मी म्हणालो, “अगं, ‘गेल्याशिवाय चालायचे नाही’ असे तुझी आजी रोजच म्हणते.”

घरगुती बोलण्यात जपानी माणूस या वाक्याचा उत्तरार्ध गाळतो आणि पूर्वार्धही आखडून ‘इकानाक्या’ म्हणतो. ‘इकानाकुच्या’ व ‘इकानाइतो’ ही त्याच अर्थाची आणखी दोन बोली रूपे. ‘न गेल्यास…’ एवढे म्हणून तो उठतो. उरलेले ऐकणारा समजून घेतो.

मराठीत ‘मला जावे लागते’ यात परिस्थितीचा रेटा असतो; ‘मला जायला हवे’ यात मनाला पटलेली गरज. जपानीतही ‘नारानाइ’चा कल नियम व रिवाजाकडे, तर ‘इकेनाइ’चा त्या प्रसंगापुरत्या गरजेकडे असतो.

बँकेत असताना नोटिशीत आम्ही ‘हप्ता भरणे आवश्यक आहे’ असे लिहीत असू. तोच कर्जदार समोर बसला की तोंडी येई, “भाऊ, या महिन्यात भरायला हवा.” रक्कम तीच, मुदतही तीच, परंतु समोर माणूस असे.

मोत्यांच्या व्यापारानिमित्त कोबे येथे स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनी तेथे १९८५ साली मंदिर उभारले. परमुलखात पेढी चालवणाऱ्याला हा विवेक हवाच. ग्राहकाशी किंवा वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘इकानाकेरेबा नारिमासेन’ असे पूर्ण, आदरार्थी वाक्यच शोभते. तेथे अर्धे वाक्य सलगीचे ठरेल. ते घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी.

हे नातीला मी बजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि रात्री माझ्या औषधाची गोळी पुढे करीत म्हणाली, “आजोबा, नोमानाक्या!” ‘औषध न घेतल्यास…’ उरलेले वाक्य तिने सांगितले नाही. मी मुकाट्याने गोळी घेतली.