घडी घातलेला कागद

23 ऑगस्ट 1864 रोजी वॉशिंग्टनमध्ये मंत्रिमंडळाची बैठक भरली असता अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी घडी घालून चिकटविलेला एक कागद मंत्र्यांपुढे ठेवला आणि आतील मजकूर न दाखविताच त्याच्या पाठीवर प्रत्येकाची सही घेतली.

अमेरिकेतील यादवी युद्धाचे ते चौथे वर्ष. व्हर्जिनियातील जनरल ग्रँट यांच्या मोहिमेत मे-जूनच्या काही आठवड्यांतच उत्तरेचे 50,000 हून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले होते. तरीही, नोव्हेंबरची निवडणूक तोंडावर असता, फौजेची निकड ओळखून लिंकन यांनी जुलैत आणखी 5 लाख माणसे मागितली होती. त्यांच्या पक्षाचे प्रमुख हेन्री रेमंड यांनी कळविले की, लोकमत विरुद्ध गेले आहे, सबब गुलामांच्या मुक्ततेची अट बाजूस ठेवून केवळ संघराज्याच्या अखंडतेवर दक्षिणेशी तहाचे बोलणे लावावे. येथे लिंकन डळमळले, हे लपविण्याचे कारण नाही. 24 ऑगस्टला त्यांनी तसा मसुदाही लिहिला. परंतु ज्या कृष्णवर्णीय सैनिकांनी मुक्ततेच्या वचनावर विसंबून रक्त सांडले त्यांना पुन्हा धन्यांच्या हवाली करणे हे महापातक होय, असे ते थोड्याच दिवसांपूर्वी भेटीस आलेल्यांपाशी बोलले होते. मसुदा लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी रेमंड समक्ष आले तेव्हा तो बेत सोडून देण्यात आला. मला तर तो न धाडलेला मसुदाच अधिक मोलाचा वाटतो, कारण ज्याला मोह शिवलाच नाही त्याच्या निग्रहाची परीक्षा कशी व्हावी?

पुढे 2 सप्टेंबरला अटलांटा पडले, वारे फिरले, आणि लिंकन 212 विरुद्ध 21 निर्वाचक मतांनी निवडून आले. 11 नोव्हेंबरला त्यांनी तो कागद उघडून वाचला. आपला पराभव बहुतेक निश्चित असून, तसे झाल्यास नव्या अध्यक्षाचा अधिकारग्रहण-समारंभ होईपर्यंतच्या मुदतीत त्याच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचविणे हे आपले कर्तव्य राहील, अशी ती स्वतःस घातलेली शपथ होती. प्रतिस्पर्धी जनरल मॅक्लेलन विजयी झाले असते, तर त्यांना बोलावून, लोकांचा विश्वास तुमच्यापाशी आहे व अंमल अजून माझ्यापाशी, तेव्हा दोघे मिळून फौज उभारू, असे आपण सांगणार होतो, असे लिंकन म्हणाले. त्यावर परराष्ट्रमंत्री सीवर्ड उद्गारले, की जनरलसाहेबांनी हो हो म्हटले असते, आणि केले काहीच नसते. लिंकन उत्तरले, की निदान मी माझे कर्तव्य केले असते आणि माझ्या सदसद्विवेकापुढे निर्दोष उभा राहिलो असतो.