भांग, गांजा आणि हेम्पची उत्पादने : घरात आणण्यापूर्वी हे वाचा

भांगेच्या झाडाची पाने एका राज्यात परवानाधारक दुकानातून विकली जातात. दुसऱ्या राज्यात तीच पाने जवळ बाळगणे गुन्हा ठरतो. त्याच झाडाच्या फुलोऱ्यावर केंद्रीय कायद्याने बंदी आहे, तर बियांचे तेल खाद्यपदार्थ म्हणून बाजारात मिळते. याविषयी आपल्या मनात गोंधळ असल्यास त्यात नवल नाही.

देशभर लागू असलेला १९८५ चा अंमली पदार्थविरोधी अधिनियम झाडाच्या भागांनुसार भेद करतो. फुलांचे वा फळांचे शेंडे म्हणजे गांजा आणि झाडातून निघणारी राळ म्हणजे चरस. या दोहोंची लागवड, खरेदी-विक्री, वाहतूक, बाळगणे आणि सेवन यांना परवानगीशिवाय मनाई आहे. शेंड्यांपासून वेगळी केलेली पाने आणि बिया मात्र गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. यावरून ‘भांगेला कायद्याची हरकत नाही’ असा समज सर्वत्र पसरला आहे. तो अपुरा आहे, कारण केंद्राने मोकळी ठेवलेली जागा राज्यांनी आपापल्या कायद्यांनी भरली आहे. उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य प्रदेशात शासनाच्या परवान्याने भांगेची दुकाने चालतात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेच्या पानांचीही गणना मादक द्रव्यांत करतो. आसामने १९५८ मध्येच गांजा आणि भांग या दोहोंवर बंदी घालणारा कायदा केला. त्यामुळे वाराणसीच्या परवानाधारक दुकानातून घेतलेली भांगेची गोळी पिशवीत ठेवून भुसावळला उतरणाऱ्या प्रवाशाला तेथील पावतीचे संरक्षण मिळत नाही. पानांत शेंडे मिसळलेले आढळल्यास तर प्रकरण गांजाचे होते.

१ किलोपर्यंत गांजा कायद्याच्या भाषेत ‘अल्प प्रमाण’ आहे. हे शब्द सवलतीचे वाटतात, परंतु त्यासाठीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २० किलोहून अधिक गांजा सापडल्यास किमान शिक्षा १० वर्षांची आहे.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना एक गोष्ट आधीच कळवावी. कॅनडात आणि अमेरिकेच्या काही राज्यांत गांजायुक्त गोळ्या, चॉकलेटे दुकानात मिळतात. ती भारतात आणणे हा गुन्हा आहे. शिवाय हे पदार्थ मुलांच्या खाऊसारखेच दिसतात, ही चिंता कायद्याहूनही मोठी आहे.

‘हेम्प’ लिहिलेल्या वस्तूंचे काय? (येथे अंबाडीची आठवण होईल. काही शब्दकोशांत हेम्पचा अर्थ अंबाडी असा दिलेला आढळतो. पण आपल्या जेवणातील अंबाडी हे निराळे झाड आहे.) भांगेच्या बिया स्वतः मादक नसतात, कुमाऊंच्या घरोघरी त्यांची चटणी वाटली जाते. २०२१ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने बिया, त्यांचे तेल व पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. टीएचसी या मादक घटकाची मर्यादा बियांसाठी प्रतिकिलो ५ मिलिग्रॅम आणि तेलासाठी १० मिलिग्रॅम आहे. वेष्टनावर प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहावा. ‘विजया’ या नावाने पानांपासून बनणारी औषधे ही आयुर्वेदिक औषधे आहेत आणि त्यांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना असावी लागते. झोप येत नाही, सांधे दुखतात म्हणून जाहिरात पाहून ती मागवू नयेत. रक्त पातळ करणारी किंवा झोपेची औषधे चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज यांतील काहीही घेऊ नये.

पोटात घेतलेल्या भांगेचा परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत उशिरा जाणवतो. ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि दोन्हींचा अंमल एकत्र चढतो. छाती धडधडणे, तीव्र भीती, भास आणि वारंवार उलट्या ही लक्षणे दिसू शकतात. गरोदर व स्तनदा मातांनी, हृदयरुग्णांनी आणि स्वतःला किंवा कुटुंबात कोणाला गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी ती कटाक्षाने टाळावी. सेवनानंतर वाहन चालवू नये. मोटार वाहन कायद्यानुसार तोही गुन्हा आहे.

लहान मुलाने असा पदार्थ खाल्ल्यास त्याला गुंगी येते, तोल जातो, क्वचित श्वास मंदावतो. उलटी करवू नका. ताबडतोब रुग्णालयात न्या आणि वेष्टन सोबत घ्या. आमच्या अनुभवात, पोलिसांच्या भयाने ‘प्रसाद खाल्ला’ इतकेच सांगणारे पालक पुष्कळ भेटतात. त्यात निदानाचा मोलाचा वेळ जातो आणि नको त्या तपासण्या मुलाला सोसाव्या लागतात. काय, किती आणि केव्हा खाल्ले, हे परिचारिकेला स्पष्ट सांगा. रुग्णवाहिकेसाठी ११२ वर दूरध्वनी करता येतो.

व्यसन जडलेल्या व्यक्तीच्या कुटुंबालाही हेच भय असते. १९८५ च्या अधिनियमातील कलम ६४-क यासाठी मुद्दाम वाचण्याजोगे आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या आरोपाखाली तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. जवळच्या केंद्राची माहिती १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर मिळते.