नियमपुस्तिका कुणासाठी?

कोल्हापुरात 1852 मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले आणि मिशन शाळांची परंपरा रुजली. पुढे 1917 मध्ये शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला. त्यात मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. जबाबदारी मोठ्यांची, हे त्यात गृहीत होते. आजच्या शाळांच्या नियमपुस्तिकांत मात्र हजेरी, गृहपाठ, गणवेश, गुण असा सगळा भार मुलावर असतो.

हा भार हलका केला आणि नापास होण्याची भीती नसेल तर मुले अभ्यास करणार नाहीत, हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच शिक्षणहक्क कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी-आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा दिली; पण आधी जादा शिकवणी आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा बंधनकारक केली. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. तरी ख्रिस्ती शाळांनी जादा शिकवणी आणि फेरपरीक्षेची अट स्वतःहून पाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रार्थनेबाबतचा नियम मात्र शाळांसाठी ऐच्छिक नाही: मान्यताप्राप्त शाळेत धार्मिक शिक्षणाला वा प्रार्थनेला पालकांची संमती लागते, असे घटनेचे कलम 28 सांगते. प्रवेशाच्या वेळी पालकांनी गणवेशाच्या दुकानाआधी शाळा हे दोन्ही पाळते का, ते विचारावे.