अर्थशास्त्राचा धडा आणि लातूरची तूर

उच्च शिक्षणात प्रकरण-अभ्यासाची, म्हणजे ‘केस स्टडी’ पद्धतीची, अलीकडे सर्वत्र शिफारस होत असते. ही पद्धत नवी नाही. हार्वर्ड विद्यापीठात लँगडेल यांनी १८७० मध्ये ती कायद्याच्या वर्गात आणली. पुढे तेथील व्यवस्थापनशास्त्राने ती स्वीकारली आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेने ती आपल्याकडे रुजविली. नांदेड-लातूरच्या कला व वाणिज्य महाविद्यालयांत ती कोणत्या रूपाने यावी, हा खरा प्रश्न आहे.

पदवीच्या वर्गात कॉबवेब सिद्धांत शिकविला जातो. यंदाचा भाव पाहून शेतकरी पुढील पेरणी ठरवितो. त्यामुळे उत्पादन व भाव आलटून पालटून वरखाली होत राहतात, हा त्याचा सारांश. उदाहरण मात्र परदेशातील डुकरांच्या बाजाराचे! वस्तुतः या सिद्धांताचा पडताळा लातूरच्या आडत बाजारातच घेता येतो. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. पुढील खरिपात तुरीचा पेरा वाढला, पाऊसही समाधानकारक झाला आणि देशातील उत्पादन सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांवर गेले. क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव जाहीर असूनही बाजारभाव त्याखाली घसरला. इकडे जुलै २०१६ मध्ये सरकारने मोझांबिकशी डाळींच्या आयातीचा करार केला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच सरकारला तुरीच्या आयातीवर मर्यादा घालावी लागली.

एवढी हकीगत सांगितल्याने प्रकरण-अभ्यास होत नाही. ते केवळ उदाहरण झाले. विद्यार्थ्याला निर्णयाच्या क्षणापाशी उभे करावे लागते, आणि त्या वेळी उपलब्ध असलेलीच माहिती त्याच्या हाती द्यावी लागते. एका गटाने जून २०१७ मधील पाच एकर कोरडवाहूचा कर्जदार शेतकरी व्हावे : तूर पेरावी की सोयाबीन? दुसऱ्याने जुलै २०१६ मधील सरकारी सचिव व्हावे, तर तिसऱ्याने डाळमिलचा मालक. प्रत्येकाने आपला निर्णय आकड्यांनिशी मांडावा; प्राध्यापकाने फक्त प्रश्न विचारावेत. मग पाऊस आणि आयात या दोन गोष्टींना सिद्धांताच्या मूळ आकृतीत स्थानच नाही, हे विद्यार्थ्याला स्वतःच उमगेल.

वर्ग मोठे आहेत, अभ्यासक्रम संपवायचा असतो आणि मराठीत अशी प्रकरणे तयार नाहीत, हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु सत्रात दोन प्रकरणे घेणे अशक्य नाही. खरी अडचण परीक्षेची आहे. ‘लातूर पॅटर्न’ने गुणांचे शिखर गाठून दाखविले, पण त्याचा सराव एकच बरोबर उत्तर असलेल्या प्रश्नांचा आहे. प्रकरणाला असे एक उत्तर नसते. म्हणून अंतर्गत मूल्यमापनात युक्तिवादाला गुण दिल्याखेरीज विद्यार्थी या पद्धतीकडे गांभीर्याने पाहणार नाहीत.

नांदेडची उस्मानशाही कापडगिरणी, २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने आणावे लागलेले पाणी, अशी कितीतरी प्रकरणे आपल्याभोवती आहेत. १९९४ पासून नांदेड येथे असलेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने प्राध्यापकांकरवी ती मराठीत लिहवून घ्यावीत. तूर पिकविणाऱ्या घरांतील मुलेच आपल्या वर्गात बसतात. अर्थशास्त्राची पदवी घेऊनही त्यांना घरच्या पेरणीविषयी चार विचारपूर्वक शब्द सांगता येऊ नयेत, ही स्थिती पालटलीच पाहिजे.