सात पौंड हवा

टर्बो खोक्यातच होता. मिस्त्रींच्या डोक्यावरच्या फळीवर, तेलाच्या डब्यांशेजारी, आठ दिवस. जीपचे मालक पवनी तालुक्यातले धानाचे शेतकरी. रोज संध्याकाळी यायचे, खोक्याकडे बघायचे आणि विचारायचे, "आज चढवता का?" मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "टर्बो कुठं जाते जी? आधी बाकीचं होऊ द्या."

हे उत्तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नुसता पंक्चर काढायला थांबलो होतो. भंडाऱ्याबाहेर, राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागून, पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज. ताकद वाढवायला आलेल्या गिऱ्हाइकाला ताकदीची वस्तू सगळ्यात शेवटी देणारा कारागीर मी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो, मग आठवडाभर जात राहिलो.

गाडी महिंद्राची जुनी एमएम ५४०. आत प्यूजोच्या बनावटीचं २११२ सीसी डिझेल इंजिन. ताकद जेमतेम बासष्ट घोड्यांची, आणि मागे धानाच्या पोत्यांची ट्रॉली. याच घराण्यातल्या थोड्या मोठ्या इंजिनावर खुद्द प्यूजोने १९७९ साली आपल्या ६०४ मोटारीत टर्बो बसवला होता. म्हणजे कल्पना अचाट नव्हती. फक्त तो टर्बो कारखान्यातून इंजिनाबरोबर आला होता; हा बाहेरून येणारा पाहुणा होता. घरात त्याची सोय आधी करायला हवी.

"सात पौंड," मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "आठ नाई. सात." टर्बोने इंजिनात ढकलायच्या हवेच्या दाबाचा हा आकडा ते दिवसातून किती वेळा उच्चारत कोण जाणे. लेथवाल्याला फोनवर सात पौंड, डिझेल पंपवाल्याला सात पौंड, हाताखालच्या पोट्ट्याला सात पौंड. टायरात आपण तीस पौंड भरतो, त्यापुढे सात म्हणजे काहीच नाही असं मला वाटलं. पण हे इंजिन आत घेतलेली हवा मुळातच वीसपटीहून जास्त दाबतं. आत येतानाच ती दाबलेली असली, तर हेडच्या बोल्टांवर आणि गॅस्केटवर पडणारा भार कितीतरी वाढतो. म्हणून हेड काढून तपासलं, गॅस्केट नवं घातलं, बोल्ट बदलले. यातच दोन दिवस गेले आणि गाडीची ताकद तसूभरही वाढली नाही.

सात पौंडांचं गणित मी घरी जाऊन करून पाहिलं. वातावरणाचा स्वतःचा दाब १४.७ पौंड. त्यावर सात चढवले तर इंजिनाला जवळपास दीडपट हवा मिळायला हवी. पण हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना नळी हाताला गरम लागते, तसंच. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पारा सहज ४५ अंशांवर जातो. ती हवा टर्बोतून सात पौंडांनी दाबून निघाली की शंभर अंशांच्या आसपास पोचते. तापलेली हवा फुगते, आणि दीडपटीचा हिशेब सव्वापटीवर येतो. निम्मी कमाई उष्णतेनेच खाल्ली. ती परत मिळवायची तर टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये ही हवा थंड करणारा इंटरकूलर हवा. हे आकडे कागदावर उतरले तेव्हा मला मिस्त्रींचं पटलं: आपल्याकडे इंटरकूलर ही चैन नाही.

तो बसवायची जागा रेडिएटरच्या पुढे. म्हणजे रेडिएटरला आता आधीच तापलेली हवा मिळणार. म्हणून रेडिएटरमध्ये नळ्यांची एक रांग वाढवली, पंख्याभोवती पत्र्याचं कडं केलं. एकाची सोय केली की दुसऱ्याची गैरसोय, असं हे काम पुढे सरकत होतं. क्लच प्लेट नवी, ब्रेक नवे, सायलेन्सरचा पाइप मोठा, एअर फिल्टर मोठा. गडेगावच्या अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स बनतात, तो कारखाना इथून फार लांब नाही. मिस्त्री तिकडे हात करून म्हणाले, "इंजिनाचा जोर गिअरबॉक्सले झेपते का, हे कंपनी आधी पाहते. आपण काहून नाई पाहाचं?"

मला मात्र पुन्हा पुन्हा आठवतं ते दोन नळ्यांचं काम. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे फिरतो, आणि तो तेलाच्या केसाहून पातळ थरावर तरंगत असतो. तेल आत नेणारी नळी पेन्सिलीएवढी. इंजिनाचा पंप तिच्यातून जोराने तेल ढकलतो. बाहेर पडताना मात्र त्या तेलाला जोर उरत नाही. फेसाळलेलं तेल फक्त स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये उतरायचं. म्हणून परतीची नळी अंगठ्याएवढी जाड, कुठेही न वाकणारी, आणि तिचं तोंड चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर. ती तुंबली तर तेल सील ओलांडून हवेच्या वाटेत शिरतं, आणि डिझेल इंजिन स्वतःचंच तेल जाळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही. असं सुटलेलं इंजिन मिस्त्रींनी एकदा पाहिलं होतं. ते कोणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

नळीच्या जोडाला तांब्याची वायसरं लागतात. मिस्त्रींनी ती चिमट्यात धरून ज्योतीवर लाल केली आणि पाण्यात टाकली. पोलाद असं केलं तर कडक होतं; तांबं मऊ पडतं, आवळलं की फटीत बरोबर बसतं. भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात, कासारांच्या ठोक्यांवर हे शहर मोठं झालं. तापवून धातू नरम करायची ही रीत इथल्या हातांना नवी नाही. पाण्यातून उठलेल्या वाफेचा आणि तापल्या तांब्याचा तो वास अजून नाकात आहे. मग त्यांनी परतीची नळी तोंडाला लावली, डोळे मिटले आणि फुंकर मारली. दुसऱ्या टोकाला पोट्ट्याचा तळहात. "आली?" "आली." तीनदा तेच.

कायद्याचं सांगायलाच हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ बनावटीत बदल करण्यावर बंधनं घालतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर आणखी कडक भूमिका घेतली. "आधी आरटीओत विचारा, मग माझ्याकडे या," हे मिस्त्री दारातच सांगतात. मला ही बंधनं रास्त वाटतात. नुसता टर्बो डकवून, काळा धूर ओकत, जुन्या ब्रेकांवर धावणाऱ्या गाड्या याच महामार्गावर मी पाहिल्या आहेत. पण या शेडमध्ये जे चाललं होतं त्याला त्यांच्या रांगेत बसवणं मला जमत नाही.

नवव्या दिवशी खोकं उघडलं. टर्बो बसायला दुपारही लागली नाही. पंपवाल्याने इंजिनाला जाणारं डिझेल किंचित वाढवलं, धुराड्याच्या तापमानाचा काटा डॅशबोर्डवर आला. भरलेली ट्रॉली जोडून आम्ही वैनगंगेच्या पुलाकडे गेलो. चढावर हवेच्या दाबाचा काटा सातवर आला आणि तिथेच थांबला. मी मागे वळून पाहिलं. काळा धूर नव्हता. मालक काही बोलले नाहीत, फक्त स्टिअरिंगवरची पकड सैल झाली.

परत आल्यावर त्यांनी सवयीने चावीला हात घातला. मिस्त्रींनी मनगट धरलं. "थांबा जी. तो अजून फिरून राहिला. तेल बंद केलं तर दांडा कोरडा पडन, तेल जळून बसन आत." इंजिन संथ चालू राहिलं. मालक हात मांडीवर ठेवून बसले. मिस्त्री बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले, आणि परतीच्या नळीच्या जोडावर त्यांनी बोट फिरवलेलं मला दिसलं. ते बोट त्यांनी उजेडात धरलं. कोरडं होतं.

"आता करा बंद," ते खालूनच म्हणाले.