माडाच्या छायेतील परदेशी पाद्री

नाताळ हा घराच्या ओढीचा सण आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मालवणच्या किनारपट्टीवरील ख्रिस्ती कुटुंबांतील, पोटामागे मुंबईस गेलेली मंडळी गावची वाट धरतात. दारी ताऱ्याचा कंदील लागतो, नेवऱ्यांचे डबे भरतात आणि वर्षभर बंद असलेल्या घरांतून दिवा दिसू लागतो. अशा वेळी आमच्या मनात विचार येतो तो, धर्मकार्यास्तव घर सोडून सातासमुद्रापलीकडे गेलेल्या आणि पुन्हा कधीही न परतलेल्या माणसांचा. अन्न, हवा, वेष, वाणी, सारेच जेथे परके, तेथे त्यांनी दिवस कसे काढले असतील?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच किनाऱ्यावरील माडापाशी सापडते. तोंडवलीस एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माडांची दाटी. चुडतांची झापे, काथ्याचे सुंभ, करवंटीचा कोळसा, शहाळ्याचे पाणी. येथे माड इतका घरचा की त्याचे वर्णन करावे असे कोणास सुचणारही नाही. परंतु याच किनाऱ्याने दक्षिणेस गेल्यावर लागणाऱ्या गोमंतकात १५८३ साली एका इंग्रज पाद्र्याने आपल्या भावास पत्र लिहिले आणि त्यात या झाडाची महती मोठ्या आवडीने वर्णिली. हे पाद्री म्हणजे 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

इंग्लंडातील विल्टशर परगण्यात सुमारे १५४९ मध्ये त्यांचा जन्म झाला. राणी एलिझाबेथच्या अमदानीत कॅथलिक पंथीयांचा छळ होत होता. स्वदेशी ज्यास आपला धर्म उघडपणे आचरता येईना, असा हा तरुण रोमला जाऊन जेझुइट संघात दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. वाटेत हिरड्या सुजत, पाय सुजत, हातपाय हलविण्याचेही त्राण उरत नसे. आज आपण या रोगास स्कर्व्ही म्हणतो. दीडशेहून अधिक जण आजारी पडले, त्यांपैकी सत्तावीस दगावले; आणि इतर सफरींच्या मानाने ही हानी थोडीच मानली गेली!

गोव्यास पोचल्यावर अवघ्या सतरा दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांस पत्र लिहिले. नवख्या माणसाचे भांबावलेपण त्यात स्पष्ट दिसते. द्राक्षवेल सोडल्यास युरोपात पाहिलेले एकही झाड येथे दिसले नाही, असे ते कळवितात. ती वेलही निरुपयोगी. द्राक्षासव सगळे पोर्तुगालहून यायचे. सामान्य लोक कमरेच्या तोकड्या वस्त्रानिशी वावरतात हे पाहून त्यांस नवल वाटते. तथापि, आपण एवढा साज चढवून स्वतःस जसे नीटनेटके समजतो तसेच हे लोकही स्वतःस समजतात, हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आमच्या मते, येथेच त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले.

चार वर्षांनी भावास लिहिलेल्या पत्रात सूर बदललेला आहे. माडापासून तेल, मद्य, गूळ, साखर, शिर्का मिळतो. दोर वळले जातात, झोपड्या शाकारल्या जातात, लोहाराच्या भट्टीस कोळसा मिळतो, अशी यादीच ते देतात. नारळाच्या पाण्याचा स्वाद सांगताना मात्र उपमा आठवते ती मायदेशीच्या हलक्या बिअरची! त्याच पत्रात, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे, हे त्यांनी नोंदविले. त्या काळी हे निरीक्षण अपूर्वच होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राल्फ फिच प्रभृती इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगात होते. त्यांना जामिनावर सोडविण्यास साह्य करणारे हेच पाद्रीबाबा. इतक्या वर्षांनी मातृभाषा कानी पडताना त्यांस काय वाटले असेल?

या चित्राची काळी बाजू झाकणे मात्र योग्य नव्हे. ज्या साष्टी भागात त्यांचे आयुष्य गेले, तेथील देवळे पोर्तुगीजांनी १५६७ मध्ये जमीनदोस्त केली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीस पाच जेझुइटांची हत्या झाली आणि पुढे बोलणीसाठी बोलावलेल्या गावकरांना आसोळण्याच्या किल्ल्यात ठार करण्यात आले. स्वदेशी धर्मासाठी छळ सोसणाऱ्या पंथाचा हा माणूस, दुसऱ्यांच्या धर्मावर बंदी घालणाऱ्या सत्तेच्या आश्रयाने येथे राहत होता. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती. 'आमची पुराणे बंद केलीत, तर दुसरी का देत नाही?' या आशयाचा एका ब्राह्मणाचा प्रश्न खुद्द 'ख्रिस्तपुराणा'तच आला आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ सिद्ध झाला आणि १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. स्वर्गास 'वैकुंठ' म्हणणारी ही मराठी. लोकांस समजावे म्हणून तीत कोकणीचे शब्दही मिसळलेले. ती देशी लिपीतच छापावी अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते, तर येथे सुमारे सहाशे साचे लागतील, ही अडचण त्यांनी १६०८ मध्ये रोमला कळविली. अखेर ग्रंथ रोमन अक्षरांतच निघाला. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचा देह पडला.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला. ग्रंथाच्या तिन्ही जुन्या छापील आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो टिकला हस्तलिखितांतून; त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळुरास त्याची नवी आवृत्ती निघाली. लंडनच्या मार्सडन संग्रहातील देवनागरी प्रत उजेडात आणणारे जस्टिन ॲबट हेही मराठी मुलखात राबलेले अमेरिकन मिशनरीच होत.

आज आपल्या किनाऱ्यावरील कितीतरी तरुण आखातात आणि जहाजांवर सण साजरा करीत असतील. आपल्याकडचे एकही झाड तेथे नाही, असे त्यांनाही पहिल्या पत्रात लिहावेसे वाटत असेल. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की परक्या मुलखाचे पहिले दर्शन हे शेवटचे नसते; तेथील झाडाचे नाव विचारावे, तेथील बोली कानी साठवावी. आणि आपल्या गावी येणाऱ्या परक्यालाही तेवढा अवधी आपण द्यावा. सर्व वाचकांस नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!